आमच्या अंगणाचा सामाईक बाजार

२९ एप्रिल १९७५, मंगळवार

विटा आल्या! गाडीवाल्यानं अंगणाच्या मधोमध ओतल्या आणि तो गेला. मामंजी विटांभोवती असे फिरत होते, जसा काही नातू झालाय.

समोरच्या घरातून सिद्धलिंगप्पांनी डोकावून पाहिलं, टोपी सारखी केली आणि आत गेले. त्यांच्या बायकोनं, ईरम्मांनी मात्र खिडकीत उभं राहून कन्नडमधून भलंमोठं काहीतरी ऐकवलं. आमच्या आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, कन्नडचं एक अक्षर कळत नाही, पण उत्तर अगदी चोख दिलं. "व्हय, भिंतच घालनार. रोज उठून तुमचं त्वांड कोन बघंल?"

ह्यांना विचारलं, भिंत खरंच होणार? म्हणाले, गवंडी लगीनसराईत अडकलाय. मोकळा झाला की.

म्हणजे महिनाभर आहे हातात. भिंत झाली की हेमा गेली. हेमा म्हणजे हेमावती, ईरम्मांची सून. माझ्यासारखीच गेल्या वर्षी लग्न होऊन आली. तिचं माहेर अक्कलकोटकडचं, माझं केम. ह्या आख्ख्या सोलापुरात मला तिच्याशिवाय आणि तिला माझ्याशिवाय कोणी नाही. आणि आम्ही एकमेकींशी बोलायचं नाही, असा दोन्ही सासवांचा कडक कायदा!

३० एप्रिल

भांडण घागरीवरून. तीन वर्षांपूर्वी दुष्काळात, अंगणातल्या ह्याच नळावर कुणीतरी कुणाची तरी घागर मागं सरकवली. आमच्याकडं सांगतात त्यांनी सरकवली. तिकडं सांगतात आम्ही. ती घागर अजून आहे — पोचा पडलेली. आत्याबाई मुद्दाम तीच घेऊन नळावर जातात.

२ मे, शुक्रवार

दुपारी एम.ए.चा तिसरा पेपर काढून बसले. परीक्षा ऑक्टोबरात, बाहेरून. हे म्हणतात, आत्तापासून वाच, नंतर रडशील. सरांच्या नोट्समध्ये युरोप आला आणि मी पाटावरून उठून उभीच राहिले!

फ्रान्स आणि जर्मनी. सत्तर वर्षांत तीनदा एकमेकांवर चालून गेलेले. त्यांना कुणी म्हटलं नाही की बाबांनो, प्रेम करा. म्हटलं काय — कोळसा आणि लोखंड एकत्र करा! एकाकडे कोळसा बक्कळ, दुसऱ्याकडे लोखंड. ज्याच्या तोफा होतात तेच सामाईक झालं, तर तोफ ओतायची कशी? सुरुवातीला सहा देशांनी सह्या केल्या. मग आख्खा बाजारच सामाईक. दोन वर्षांपूर्वी आणखी तीन आत आले. नऊ! नॉर्वेनं तेवढं नको म्हटलं.

सर लिहितात: मनं जुळायची वाट बघू नये, कामं जुळवावीत.

ही तर सावड झाली! केमला माझ्या वडिलांचा, आप्पांचा एक बैल आणि बांधापलीकडच्या हिंदुरावांचा एक. बांधावरून दोघांचं बोलणं बंद, पण सावड चालूच. दोघांचे बैल एका औताला, आज ह्याचं रान, उद्या त्याचं. लहानपणी मी विचारलं होतं, तुम्ही बोलत कसे नाही? आप्पा म्हणाले, "बैलं बोलत्यात की. आमी कशाला बोलायचं?"

मला आज जेवण गेलं नाही. आनंदानं!

३ मे

पण आमच्या अंगणातला कोळसा कुठला आणि लोखंड कुठलं?

४ मे, रविवार

सापडलं! सापडलं! सापडलं!

आप्पांनी रेल्वेनं खपली गव्हाचं पोतं पाठवलंय. आत्याबाईंनी मूठभर तळहातावर घेतला, फुंकर मारली आणि उसासा टाकला. "शेवया काय झाल्या असत्या गं ह्याच्या. पर आपलं यंत्र मोडलंय आन् हातानं वळायला कंबर कुटं ऱ्हायलीया." आणि हेमा परवाच सांगत होती, ईरम्मांकडे पितळी यंत्र आहे, माहेरचं, नवं कोरं. पण गहू बाजारचा. शेवई तुटते, आणि तुटली की ईरम्मांचा पारा चढतो.

गहू आमच्याकडे. यंत्र त्यांच्याकडे. मधे विटा.

६ मे, मंगळवार

दुपारी दोन्ही सासवा आडव्या झाल्या आणि आम्ही दोघी सावित्रम्मांकडे. आमची भेटायची जागा तीच. त्यांचं पुढचं दार मागच्या गल्लीत आहे, पण मागचं दार आमच्या अंगणात उघडतं. घरात माग. त्याची खटखट चालू असली की बाहेर काही ऐकू जात नाही, आणि सावित्रम्मा आम्हांला बघून जरा जोरातच चालवतात. मार्कंडेयाचं पोस्टर, सुताचा वास, कोपऱ्यात आम्ही. चहा पण देतात, बशीतून.

मी सगळा युरोप सांगितला. हेमा हसून हसून खाली बसली. "सोजरक्का, आमच्या अत्ते जर्मनी का फ्रान्स?" (अत्ते म्हणजे सासू. आणि माझं नाव आजीवरून सोजर. कॉलेजात सगळे हसायचे. हेमानं 'सोजरक्का' केल्यापासून मला ते आवडायला लागलंय.)

बेत असा: सावित्रम्मांनी आत्याबाईंना सांगायचं, माझ्या पडवीत शेवया करू, कणीक मळायला या. ईरम्मांना सांगायचं, यंत्र घेऊन या. कोण येणार ते दोघींनाही सांगायचं नाही.

मी भीत भीत विचारलं, सावित्रम्मा, तुमच्यावर आळ आला तर? त्यांनी पाय मागावरून काढले. "पिल्ला, ह्या दोगी भांडत बसतात. नळ जातो. मला शेवटी घागरभर मिळतं, कदी ते पण नाही. एक झाल्या तर मला पन पानी येळेवर मिळंल की."

तारीख मी ठरवली. नऊ मे! पंचवीस वर्षांपूर्वी ह्याच तारखेला कोळसा-लोखंडाची घोषणा झाली होती. हेमा म्हणाली, तुला वेड लागलंय. लागलंय!

९ मे, शुक्रवार

एका दमात लिहिते.

आत्याबाई आधी गेल्या. बसल्या, पदर खोचला, कणीक तिंबायला घेतली. मग ईरम्मा दारात. काखेत यंत्र, फडक्यात गुंडाळलेलं. दोघींनी एकमेकींना पाहिलं. मला वाटलं संपलं. हेमानं माझा हात इतका दाबला की बांगडी पिचली.

ईरम्मा वळल्या. सावित्रम्मा म्हणाल्या, "जाता का? जावा. पीठ तिंबलंय, वाळून जाईल. खपली हाय." तो शब्द ऐकून ईरम्मा थांबल्या. नुसतं बघते म्हणाल्या. वाकून उंड्याला बोट लावलं. बोट लावलं आणि बसल्याच!

शेवया एकटीचं काम नाही हेच आमचं भाग्य. एकीनं वरून उंडा दाबायचा, दुसरीनं दांडा फिरवायचा, तिसरीनं खालून शेवया काठीवर झेलायच्या. ईरम्मा दाबायला, कारण यंत्र त्यांचं. आत्याबाई दांड्याला, कारण दंड त्यांचे. झेलायला मी, काठ्या उन्हात नेऊन टांगायला हेमा. बोलणं सगळं सावित्रम्मांच्या मार्फत. "सांगा त्यांना, हळू फिरवा म्हनावं." "सांगा त्यांना, दाबा म्हनावं जरा, झोपलाय काय." दोघींच्या मधे दीड हात अंतर! सावित्रम्मा मान इकडून तिकडे करून निरोप पोचवत होत्या, अगदी गंभीर चेहऱ्यानं. मला हसू आवरेना, म्हणून मी शेवयांत तोंड घातलं.

तासभर असं चाललं. मग पीठ अडकलं. आत्याबाई भर ताकदीनं फिरवतायत, यंत्र कुरकुरतंय, सावित्रम्मा नेमक्या पाणी प्यायला आत गेलेल्या. निरोप न्यायला माणूसच नाही! ईरम्मा इकडं बघतात, तिकडं बघतात, आणि शेवटी —

"साकु! साकु! पुरे की हो बजाबाई, दांडा तुटंल!"

आत्याबाई थांबल्या. तीन वर्षांत नावानं मारलेली पहिली हाक. मग आत्याबाई म्हणाल्या, "मग आदी सांगायचं न्हाय व्हय."

बास. त्यानंतर सावित्रम्मांना निरोपाचं काम उरलं नाही. यंत्र कसं साफ करायचं ह्यावर दोघी भांडल्या, पण थेट! तोंडावर! आणि निघताना ईरम्मांनी ओलं फडकं यंत्रावर टाकून म्हटलं, "ऱ्हाऊ दे हितंच. उद्या उरलेलं करू."

करू! कोण? आपण! मी घरी येऊन उशीत तोंड खुपसून ओरडले.

१० मे

आज नळावर आत्याबाई दुसरी घागर घेऊन गेल्या. पोचा नसलेली.

१७ मे, शनिवार

सिक्कीम आता आपलं राज्य झालं, बाविसावं. पेपरात नकाशा. सरांना विचारायला हवं, ह्याला पण एकीकरणच म्हणायचं का? लहानगा शेजारी मोठ्यात आला तर? आत्याबाईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, "आलं तर आलं. पानी बिनी हाय का तितं?"

नळाचा तह झाला! एक दिवस त्यांचा पहिला नंबर, एक दिवस आमचा. नळ ज्याला पहिला दिसेल त्यानं 'नळ आला' म्हणून ओरडायचं, घर कुठलंही असो. आज पहाटे मी ओरडले. दोन्ही घरांत घागरी वाजल्या, मागचा माग थांबला, आणि सावित्रम्मा पण कळशी घेऊन हजर. पाणी तिघींना पुरून उरलं. सावित्रम्मा माझ्याकडे बघून हसल्या.

१८ मे, रविवार

मटणाचा प्रश्न सुटला! रविवारचा वास ईरम्मांच्या देवघरापर्यंत जातो, ही त्यांची तक्रार खरीच आहे. आत्याबाई हट्टाला पेटायच्या आत सावित्रम्मा म्हणाल्या, माझ्या पडवीतल्या चुलीवर शिजवा, आमी खातोच की. तिकडं वारा उलटा आहे. ईरम्मा खूश. आत्याबाई खूश. सावित्रम्मांना वाटीभर रस्सा.

नऊ देशांना इतकं जमलं नसेल!

२० मे

दोन्ही घरची वाळवणं एकाच ओळीत! पापड, कुरडया, सांडगे. राखणीला हेमा आणि मी. राजरोस. भर उन्हात डोक्यावर पदर घेऊन तीन तास बोललो. काय बोललो ते आठवत नाही.

२४ मे, शनिवार

हे चिडवतात. आज विचारलं, तुमच्या सामाईक बाजाराला जकात नाका आहे की नाही? मी लगेच उत्तराचा पेपरच सोडवला — आतल्या आत जकात नाही. बाहेरून येणाऱ्याला मात्र सगळ्यांची मिळून एकच जकात. किती सोपं, किती सुंदर! माझं तोंडपाठ झालंय.

हे म्हणाले, "आणि बाहेरचे म्हणजे कोण?"

म्हटलं, "उरलेले."

हसले आणि कूस बदलून झोपले.

३० मे, शुक्रवार

आज जरा विचका झाला. अंगणात दोन्ही घरच्या बाजा मावेनात. एक कुरडयांची बाज मी ओढून मागं नेली, सावित्रम्मांच्या दोरीखाली. तिथं त्या रंगवलेल्या सुताच्या लडी वाळत घालतात, आम्ही इथं येण्याच्या आधीपासून. लडी ओल्या होत्या, वारा सुटला. लाल थेंब! सगळ्या कुरडयांवर.

ईरम्मा ओरडल्या. आत्याबाई ओरडल्या. आणि गंमत म्हणजे एकदम, एकाच सुरात! त्या दोघींना एका बाजूला उभं राहून भांडताना मी पहिल्यांदा पाहिलं. सावित्रम्मांनी लडी काढून घेतल्या, ओल्याच. मी म्हणणार होते की बाज मी ओढली. म्हणाले पण. कुणाच्या कानांवर गेलं नाही.

रात्री हेमा आणि मी मात्र हसलो. जर्मनी आणि फ्रान्सची आघाडी!

१ जून, रविवार

हा दिवस बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं. संध्याकाळी आमच्या ओट्यावर एकाच बाजेवर आत्याबाई आणि ईरम्मा, समोर मामंजी आणि सिद्धलिंगप्पा. सरबत मी केलं, पेले हेमानं दिले. चौघांची बैठक! विषय — विटा. भट्टीवाला परत घेत नाही, गवंडी बुधवारी मोकळा होतोय, आणि मधली भिंत तर आता कुणालाच नको!

मधली भिंत नको! मामंजींच्या तोंडून ऐकलं मी. सिद्धलिंगप्पा म्हणाले, विटांचे अर्धे पैसे माझे. मामंजी म्हणाले, असं कसं, पाव्हणे. पाव्हणे!

पुढचं ठरलं ते ऐकायला मिळालं नाही, भाकरी करपत होती. पण मला ठाऊक आहे, नळाभोवती कट्टा होणार. हेमाला सांगितलं, तू ह्या कोपऱ्यात बसायचं, मी त्या. विटा पण सामाईक!

४ जून, बुधवार

गवंडी आला. त्यानं फक्कीनं रेघ मारली ती नळाजवळ नाही. मागं. सावित्रम्मांच्या दारासमोरून, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मला आधी कळेचना. आत्याबाईंना म्हटलं, इथं कशाला? म्हणाल्या, "रोजची कटकट हाय. रंग उडतोय, वाळवान नासतंय. नळ दोन घरांच्या नावावर हाय आन् पानी भरनार तिघं. त्यांनी चौकातल्या नळावर जावं की."

मी म्हटलं, ती बाज मी ओढली होती. शेवया त्यांच्या पडवीत झाल्या. मटण त्यांच्या चुलीवर शिजतं. हे सगळं मी खरंच म्हटलं, आवाज चढवून. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. ईरम्मा मधे पडल्या, अगदी मायेनं. माझ्या गालावरून हात फिरवला. "बाळ, आमी दोगी मिळून ठरिवलंय. तू नको डोकं शिणवू." आत्याबाईंनी मान डोलावली.

ह्यांच्याकडे गेले. मामंजींना तुम्ही सांगा. हे म्हणाले, दोन्ही घरं पहिल्यांदा एका शब्दावर आलीत, आता मी मोडू?

हेमानं अंगणातून हाक मारली, सगळ्यांदेखत, "सोजरक्का, आता काय गं?" आता आम्हांला कुणी अडवत नाही.

पहिला थर रचला तेव्हा सावित्रम्मा दारात आल्या. हातात सुताची रिकामी कांडी होती. "पिल्ला, हे कुनी ठरवलं?"

म्हटलं, "दोघींनी मिळून."

"मिळून," त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या.

५ जून

इंग्लंडमध्ये आज मतदान. बाजारात राहायचं की बाहेर पडायचं. ह्याच तारखेसाठी मी महिनाभर बोटांवर दिवस मोजत होते.

नोट्स काढल्या. 'बाहेरून येणाऱ्याला मात्र सगळ्यांची मिळून एकच जकात.' खाली माझ्याच हातची दुहेरी रेघ. शेजारी 'सुंदर!' असं पण लिहिलंय.

७ जून, शनिवार

इंग्लंड राहिलं. तिनात दोन मतं बाजूनं. पेपर हातात धरून हे म्हणाले, पेढे कुठायत? मी हसले.

भिंत माझ्या डोक्याच्या वर गेली. वरच्या विटा आत्याबाई आणि ईरम्मा हातोहात देत होत्या, गवंड्याला मजूर कमी पडला म्हणून. छान लय लागली होती दोघींची, शेवयांच्या दिवशी होती तशीच.

८ जून

पहाटे नळ आला. सवयीनं ओरडले — "नळ आला!"

भिंतीपलीकडचा माग थांबला. मी घागर हातात धरून उभी राहिले. हेमा पण. थोड्या वेळानं तो पुन्हा सुरू झाला.